सीटिंग डेप्थ आपल्या हातात नाही, मग पॉइंट टू-टूचा लॉट कसा निवडायचा? (50 मीटर)

उजळाईवाडी_50

नमस्कार मंडळी. 50 मीटर मारणाऱ्यांसाठी धागा काढतोय. मी प्रोन, म्हणजे पोटावर झोपून मारतो, रायफल अंशुट्झ 1913, बॅरल मूळचंच.

सध्या परदेशी नेमबाजांचं बरंच वाचतोय. तिकडे सेंटरफायरवाले (ज्यांच्या केसच्या बुडात मधोमध वेगळा प्रायमर असतो) आपले राऊंड स्वतः भरतात आणि बुलेट केसमध्ये किती खोल बसवायची, म्हणजे सीटिंग डेप्थ, यावर महिने घालवतात. पावडर तीच, केस तीच, प्रायमर तोच. फक्त बुलेट तीन-तीन थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत-बाहेर करायची आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, बघत जायचं. एवढ्याशा फरकाने ग्रुप आवळतो किंवा उघडतो, हे वाचून डोक्यात चक्र सुरू झालं.

आपण पॉइंट टू-टूवाले (0.22 इंची रिमफायर) तर कारखान्यातून आलेला राऊंड जसाच्या तसा मारतो. मग आपल्याकडे या सगळ्याच्या जागी काय आहे? क्लबमधून मला एकाच कंपनीच्या एकाच ग्रेडचे तीन वेगळे लॉट (एकेका वेळी बनलेल्या गोळ्यांचे गट) मिळू शकतात, प्रत्येकी एक-दोन बॉक्स. त्यातला माझ्या बॅरलला चालणारा कोणता, हे नीट कसं ठरवायचं? नुसतं पाच गोळ्या मारून 'हा बरा वाटतोय' असं मला करायचं नाही.

शिरोली_लेथ

आधी सीटिंग डेप्थचं सांगतो, कारण त्यातच पुढचं उत्तर आहे.

सेंटरफायरमध्ये बुलेट केसच्या तोंडातून सुटते आणि रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांना) भिडेपर्यंत थोडं अंतर मोकळी धावते. त्या अंतराला जंप म्हणतात. खोली बदलली की एकदम तीन गोष्टी हलतात. बुलेट रायफलिंगमध्ये सरळ शिरते की किंचित तिरकी, हे बदलतं. केसच्या आतली जागा कमी-जास्त होते, म्हणजे दाब बदलतो. आणि बुलेट बॅरलच्या तोंडातून बाहेर पडायची वेळ बदलते. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. गोळी सुटली की बॅरल थरथरतं, त्याचं तोंड वर-खाली होतं. ज्या क्षणी ते तोंड अनुकूल स्थितीत असतं त्या क्षणी बुलेट बाहेर पडली, तर वेगातला थोडाफार फरक टार्गेटवर उमटतच नाही.

म्हणून जाणकार सर्वांत लहान ग्रुपच्या मागे धावत नाहीत. सलग तीन-चार खोलींवर ग्रुप लहान राहतो असा पट्टा शोधायचा आणि त्याच्या मधोमध थांबायचं. बर्जर कंपनी तर तिच्या लांब नाकाच्या बुलेटसाठी आधी 40 थाऊच्या ढोबळ पायऱ्या घ्यायला सांगते, बारीक काम नंतर. शिवाय मोजायचं ते बुलेटच्या टोकापासून नाही, रायफलिंगला जिथे ती भिडते त्या गोलाईपासून. टोकं कारखान्यातच एकसारखी निघत नाहीत. आमच्या कामात याला डेटम (माप जिथून घ्यायचं ती जागा) चुकीचा घेतला म्हणतात. डेटम चुकला की पुढचं सगळं माप वाया.

आता आपलं. पॉइंट टू-टू लाँग रायफल हा 1887 सालचा राऊंड. प्रायमरचा मसाला रिमच्या, म्हणजे केसच्या बुडाच्या काठाच्या, आत ओतलेला असतो, त्यामुळे मारलेली केस परत भरता येत नाही. बुलेटची शेपटी बारीक करून केसमध्ये बसवलेली असते आणि बाहेरचा भाग केसच्याच जाडीचा असतो. किती खोल बसवायची, किती घट्ट दाबायची, हे सगळं कारखान्यात ठरून येतं.

आणि जंप? मॅच चेंबरमध्ये (राऊंड बसतो ती बॅरलची मागची जागा) तो जवळपास नसतोच. एक राऊंड हळू चेंबर करा आणि न मारता काढून बघा. शिशावर रायफलिंगचे बारीक ओरखडे सारख्या अंतराने दिसतील. बुलेट बसतानाच रायफलिंगला भिडलेली असते. (हे रेंजवर, कोचसमोर, रायफल टार्गेटकडे ठेवूनच करा. घट्ट चेंबरमध्ये कधी बुलेट आतच अडकते, केस एकटी बाहेर येते आणि पावडर ट्रिगरवर सांडते.)

थोडक्यात, सेंटरफायरवाला खोली फिरवून जे शोधतो ते आपल्याला लॉट फिरवून शोधावं लागतं. दुसरा स्क्रूच नाही आपल्याकडे.

पन्हाळा_रोड

एक गोष्ट इथेच नोंदवतो, कारण धागा नवीन मुलंही वाचतात. व्हिडिओ बघून कुणी घरी काही भरायचा विचारही करू नका. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 खाली दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. रायफलचा परवाना म्हणजे तो परवाना नव्हे.

उजळाईवाडी_50

@पन्हाळा_रोड, बरोबर. माझा तसा विचार नव्हताच, पण लिहिलंत ते चांगलं झालं.

@शिरोली_लेथ दादा, ओरखड्यांचं माहीत नव्हतं. आता चाचणीचं सांगा कुणीतरी.

पंचगंगा_प्रोन

मी सांगतो. बरीच वर्षं मारतोय आणि मुलांना शिकवतोय. लांबेल, पण घाईत सांगण्यासारखा हा विषय नाही.

पहिल्यांदा टार्गेट डोळ्यासमोर आणा. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ 8 मिलिमीटरने बाहेर. गोळी 5.6 मिलिमीटरची आणि कडा रेषेला लागली तरी गुण मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत हवा, की झाला दहा. दशांशात मारता तेव्हा दर 0.8 मिलिमीटरला एक दशांश जातो. आता विचार करा, लॉट बदलल्यामुळे गोळ्या सरासरी एक मिलिमीटर जास्त पसरल्या, तर 60 गोळ्यांत किती गेले? सात-साडेसात गुण. एवढ्यात प्रोनच्या यादीतली पानं उलटतात.

का पसरतात? मुख्य कारण वेग. मॅच राऊंड साधारण सव्वातीनशे मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो, आवाजाच्या वेगाच्या मुद्दाम खाली. 50 मीटर जायला त्याला 0.16 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो साडेबारा सेंटिमीटर खाली येतो. एखादा राऊंड 10 मीटर प्रति सेकंदाने हळू निघाला, तर तो सुमारे साडेसात मिलिमीटर जास्त खाली जाईल. म्हणजे जवळपास अख्खं एक वर्तुळ, आणि तेही होल्ड (रायफल स्थिर धरणं), ट्रिगर, श्वास सगळं चोख असताना. मुलगा स्वतःला दोष देत बसतो. चांगल्या लॉटमध्ये हा फरक लहान असतो. आणि शिरोलीकरांनी सांगितलं तसं, तुमच्या बॅरलच्या थरथरीशी जुळणारा लॉट असेल तर उरलेला फरकही थोडा झाकला जातो. म्हणून शेजारच्या लेनवरच्या पोराला जो लॉट सोन्यासारखा चालतो तो तुम्हाला चालेलच असं नाही. दोघांची रायफल एकाच मॉडेलची असली तरी नाही.

आता पद्धत.

बॉक्सवर लॉट नंबर असतो, तो वहीत लिहा. एली कंपनीच्या बॉक्सवर वेगही छापलेला असतो, फूट प्रति सेकंदात. त्या आकड्याच्या नादी लागू नका. तो त्यांच्या बॅरलमधला आकडा आहे.

स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू टॉर्क रेंचने एकाच मापाला आवळा, साधारण पाच न्यूटन-मीटरच्या आसपास, किंवा तुमच्या रायफलला जे ठरलेलं असेल ते. पूर्ण चाचणी संपेपर्यंत तिथे हात लावायचा नाही. स्क्रू पाव फेरा सैल झाला तर तुम्ही लॉट तपासत नाही, स्टॉक तपासताय.

लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक कंपनीचं मेण-ग्रीस वेगळं, आणि बॅरलमध्ये आधीच्या लॉटचा थर बसलेला असतो. नवीन थर बसेपर्यंत गोळ्या भटकतात. एकाच कंपनीचे लॉट असले तर कमी लागतात, पण मी तरी सोडतोच.

मग दहा-दहाचे चार ग्रुप प्रत्येक लॉटचे. पण एका लॉटच्या चाळीस सलग मारायच्या नाहीत. अ चे दहा, ब चे दहा, क चे दहा, पुन्हा पहिल्यापासून, प्रत्येक बदलाला थर बसवायच्या गोळ्या सोडून. नाहीतर सकाळी सातला मारलेला लॉट चांगला ठरतो आणि दहाला वारा सुटल्यावर मारलेला वाईट. दोष वाऱ्याचा, शिक्षा लॉटला. गोळ्या जास्त खर्च होतात म्हणून फेऱ्या कमी करायच्या असतील तर निदान दोन फेऱ्या तरी कराच.

आणि वाऱ्याचं सांगतो: एक मीटर प्रति सेकंद आडवा वारा, जो गालाला जेमतेम कळतो, गोळीला 50 मीटरवर पाच-सहा मिलिमीटर ढकलतो. आपल्याकडे पावसाळ्याचे दिवस चाचणीला सोडूनच द्या. हिवाळ्यातली सकाळ घ्या, झेंडे लावा, झेंडा हलला की थांबा.

शिरोली_लेथ

+1. शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडून जोड.

पाच गोळ्यांच्या ग्रुपवर कुणी लॉट ठरवू नये, आणि याचं कारण अनुभव नाही, गणित आहे. एकाच लॉटचे, एकाच बॅरलमधून मारलेले पाच-पाचचे ग्रुप आपापसात सुमारे पाव हिश्श्याने वर-खाली होतात. सरासरी 15 मिलिमीटर असेल तर एक ग्रुप 11 चा आणि दुसरा 19 चा येणं अगदी सामान्य आहे. तुम्ही 11 वाला 'अ' लॉट घेता, 19 वाला 'ब' लॉट परत करता, आणि दोन्ही बॉक्स कदाचित एकाच पिंपातल्या पावडरचे असतात.

दुसरं म्हणजे ग्रुपचं माप, म्हणजे लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. यात पाचपैकी तीन गोळ्यांची माहिती तुम्ही फेकून देता. त्यापेक्षा सरासरी त्रिज्या काढा. सगळ्या गोळ्यांचा मध्य काढायचा, त्या मध्यापासून प्रत्येक गोळीचं अंतर मोजायचं, त्यांची सरासरी. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर एक्स-वाय आकडे मिळतात, स्प्रेडशीटमध्ये दोन ओळींचं काम. कागदावर मारत असाल तर एका टार्गेटवर दहापेक्षा जास्त मारू नका, भोकं एकमेकांत मिसळली की कॅलिपर काही कामाचा नाही.

चाळीस गोळ्यांची सरासरी त्रिज्या साधारण आठ टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. म्हणून दोन लॉटमध्ये पाच टक्क्यांचा फरक आला तर तो फरक नाहीच असं समजा आणि जो जास्त संख्येने मिळतोय तो घ्या. फरक वीस टक्के आला तर डोळे झाकून घ्या.

फ्लायर, म्हणजे पुंजक्याबाहेर गेलेली गोळी, वगळू नका. हा मुद्दा मी आमच्या शॉपमध्येही रोज सांगतो. 'तो एक जॉब सोडून बाकी सगळे टॉलरन्समध्ये आहेत' याला काही अर्थ नसतो. गिऱ्हाईक नेमका तोच जॉब उचलतं. मॅचमध्ये फ्लायरचा गुण कुणी परत देत नाही.

मंगळवार_पेठ

नमस्कार. मी स्वतः मारत नाही, माझी मुलगी मारते. एअर रायफलवरून नुकतीच 50 मीटरवर आली आहे. क्लबची रायफल, क्लबच्याच गोळ्या. हा सगळा धागा वाचून आमच्या घरात प्रश्न उभा राहिला की आम्ही तिला महागडा मॅच ग्रेड घेऊन द्यायला हवा का, लॉट तपासून द्यायला हवा का. आमची परिस्थिती बेताची आहे, पण तिच्या आड यायचं नाही. ज्यांना कळतं त्यांनी स्पष्ट सांगा.

पंचगंगा_प्रोन

ताई, आत्ता नको. तिच्या सरांना विचारूनच करा, पण माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं स्वच्छ, एकसारखा साधा ग्रेड पुरतो. पैसे गोळ्यांच्या संख्येवर घाला, दर्जावर नको. पोरीला जास्त मारायला मिळू दे.

तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत आपल्या कोल्हापूरच्याच. तेजस्विनीने 2010 साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनमध्ये 600 पैकी 597 मारून सुवर्ण घेतलं आणि विश्वविक्रमाची बरोबरी केली. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. त्या पातळीला गोळीचा लॉट हा जिंकण्या-हरण्यातला फरक असतो. पण तिथवर पोचायचा रस्ता गोळीच्या डब्यातून जात नाही, पोझिशनमधून जातो.

शिरोली_लेथ

ताई, पंचगंगा सरांचं म्हणणं आकड्यांत मांडून बघतो, म्हणजे घरात चर्चेला बरं पडेल.

नेमबाजाची थरथर आणि गोळीची पसरण यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज होते. समजा मुलीच्या होल्डचं प्रमाण विचलन 8 मिलिमीटर आहे. साध्या गोळीचं 3, तपासलेल्या उत्तम लॉटचं 2. साध्या गोळीने एकूण 8.54, उत्तमने 8.25. साठ गोळ्यांत फरक जेमतेम पावणेतीन गुणांचा.

आता तीच पोरगी सराव करून होल्ड 8 वरून 7 वर आणते, गोळी तीच साधी. एकूण 7.62. फायदा साडेआठ गुणांच्या पुढे.

आणि जिचा होल्डच 3 मिलिमीटरचा आहे, तिला 3 च्या गोळीऐवजी 2 ची दिली तर सहा गुण मिळतात. तीच गोळी, तोच खर्च, पण फायदा दुपटीहून जास्त. म्हणून मोठे नेमबाज लॉटसाठी जीव टाकतात आणि त्यांनी टाकावाच. तुमच्या मुलीने सध्या ड्राय फायरिंगवर जीव टाकावा, त्याला गोळीच लागत नाही.

मंगळवार_पेठ

मनापासून आभार. आज रात्री तिला हे वाचून दाखवते. ड्राय फायरिंगचं तिचे सरही सारखं सांगतात.

रंकाळा_टॉवर

मी वेगळा मुद्दा मांडतो. लॉट विकत घेण्याची ऐपत नसेल तर असलेल्या गोळ्या रिमच्या जाडीने निवडा. गेज मिळतो, नाहीतर डायल इंडिकेटरवर साधा बसवता येतो. रिमची जाडी म्हणजे रिमफायरचा हेडस्पेस (केस चेंबरमध्ये किती घट्ट बसते ते माप). जाडी एकसारखी असली की स्ट्रायकरचा (रिमवर आपटणाऱ्या पिनेचा) मार एकसारखा आणि बुलेट रायफलिंगमध्ये एकसारखी भिडते. सीटिंग डेप्थच्या सर्वांत जवळचं आपल्याकडे काही असेल तर हेच आहे. मी स्वतः करतो आणि मला फायदा दिसतो.

पंचगंगा_प्रोन

दादा, यात माझं मत वेगळं आहे. साध्या ग्रेडच्या गोळीत जाडीचा फरक सापडेलही. टेनेक्स, आर-50, एक्स-अ‍ॅक्ट यांसारख्या वरच्या ग्रेडमध्ये कारखान्यातच इतकी चाळणी झालेली असते की हाताने निवडून हाती काही लागत नाही. आणि प्रत्येक राऊंड हाताळताना बुलेटवरचं ग्रीस पुसलं जातं, टोकाला नखाची चीर पडते. शिसं मऊ असतं. पन्नास राऊंड मोजून तुम्ही पन्नास वेळा बुलेटला धोका देताय.

रंकाळा_टॉवर

केसला धरायचं, बुलेटला नाही. ग्रीसला बोट लागतच नाही. वरच्या ग्रेडबाबत तुमचं मान्य. पण क्लबमध्ये बहुतेक मुलं साध्याच ग्रेडवर मारतात आणि मी त्यांच्यासाठीच लिहिलं. निवडून झाल्यावर जाड-बारीक टोकाचे राऊंड साईटिंगला (मॅचआधी नेम जुळवायला) वापरायचे, मधले मॅचला. काही फुकट जात नाही.

शिरोली_लेथ

दोघांचं ऐकून एवढंच म्हणतो: चाचणी करा. एकाच लॉटचे निवडलेले चाळीस आणि न निवडलेले चाळीस, आलटून-पालटून. वर लिहिलेलीच पद्धत. त्रिज्येत पंधरा टक्क्यांचा फरक आला तर रंकाळावाले बरोबर, नाही आला तर गेज कपाटात.

कळंबा_तलाव

एक प्रश्न. चाचणी व्हाइसमध्ये रायफल बांधून करावी की खांद्यावर? एलीचं बर्मिंगहॅमजवळ आणि लापुआचं जर्मनीतल्या शोनेबेकला टेस्ट सेंटर आहे, तिथे अ‍ॅक्शन (रायफलचा बोल्ट-ट्रिगरचा भाग) बांधून लॉट तपासतात. आपण उद्यमनगरात एखादं फिक्स्चर बनवून घेऊ शकत नाही का? कोल्हापूरच्या फाउंड्रीतून देशभर इंजिनाचे भाग जातात, एक वजनदार बेड आणि क्लॅम्प काय अवघड आहे?

शिरोली_लेथ

बेड अवघड नाही, मी ओतून देईन. अवघड आहे ते प्रत्येक गोळीनंतर तो तसूभरही न हलणं. 50 मीटरवर अर्धा मिलिमीटर शोधायचा तर बेडवर एका मीटरमागे 10 मायक्रॉनचीच सूट आहे. मी केला तर काँक्रीटच्या पायावर, जमिनीपासून वेगळा, आणि क्लॅम्प अ‍ॅक्शनला, बॅरलला नाही. बॅरल मोकळंच थरथरायला हवं, नाहीतर जे शोधतोय तेच बंद केलं. आणि हे क्लबच्या परवानगीने, रेंजच्या आत. रायफल वर्कशॉपमध्ये आणायची नाही, मोजमापं रेंजवर घेऊन जॉब इकडे करायचा.

पंचगंगा_प्रोन

फिक्स्चर झालं तर सगळ्या क्लबचं भलं होईल. पण ते होईपर्यंत चांगल्या प्रोन नेमबाजाने खांद्यावर केलेली चाचणी मी मानतो. आणि फिक्स्चरवर केली तरी पहिले दोन लॉट शेवटी खांद्यावर मारून बघायचेच. पट्टा, हाताचा ताण, गालाचा दाब, सगळ्याने बॅरलचं वागणं बदलतं. मॅच खांद्यावर मारायची असते. थ्री पोझिशनवाल्यांनी (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारणाऱ्यांनी) तर निदान नीलिंगमध्येही, म्हणजे गुडघ्यावर, एक ग्रुप घ्यावा.

थ्री पोझिशनवरून आठवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिस ऑलिंपिकला 590 मारून पात्रता फेरीत सातवा आला आणि 1 ऑगस्ट 2024 ला अंतिम फेरीत 451.4 वर कांस्य घेतलं. तिन्ही पोझिशनमध्ये एकच रायफल, एकच गोळी. जो लॉट फक्त प्रोनमध्ये चांगला आणि स्टँडिंगमध्ये उंचावर भटकतो, तो या प्रकाराला उपयोगाचा नाही.

उजळाईवाडी_50

मंडळी, सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे चाचणी झाली, तिचा निकाल टाकतो. सकाळी लवकर, झेंडे पूर्ण पडलेले असतानाच मारलं. स्क्रू टॉर्क रेंचने आवळले, लॉट आलटून-पालटून, प्रत्येकाच्या मोजलेल्या गोळ्या चाळीस.

सरासरी त्रिज्या: अ लॉट 4.9 मिलिमीटर, ब लॉट 4.7, क लॉट 3.8.

मला विशेष वाटलं ते असं. सगळ्यांत लहान दहाचा ग्रुप ब लॉटने दिला. बघूनच मन भरेल असा, एकच फाटलेलं भोक. पण ब चाच पुढचा ग्रुप उभा लांबला, दोन गोळ्या वर आणि तीन खाली, आडवं मात्र घट्ट. क ने एकही डोळ्यात भरणारा ग्रुप दिला नाही, पण चारही ग्रुप एकाच मापाचे आणि गोल. पाच गोळ्यांवर ठरवलं असतं तर ब घेतला असता. बॉक्सवरचा वेग म्हणाल तर ब आणि क चा जवळपास सारखाच आहे.

पंचगंगा_प्रोन

उत्तम काम. ब ची उभी लांबण म्हणजे वेगातला फरक, आणि तुमचं बॅरल तो झाकत नाहीये. आडवं घट्ट म्हणजे तुमचा होल्ड आणि वारा दोन्ही ठीक होते. ग्रुपचा आकारच बोलतो, नुसतं माप नाही. क घ्या. अ आणि ब मध्ये फरक नाही असं समजा.

शिरोली_लेथ

क आणि ब मध्ये जवळपास वीस टक्के. एवढा फरक चाळीस गोळ्यांत नशिबाने यायची शक्यता कमी. घ्या.

उजळाईवाडी_50

क लॉटची उरलेली सगळी पेटी क्लबकडून मागितली आहे. आता दोनच प्रश्न. सरावालाही हाच वापरायचा की फक्त मॅचला राखायचा? आणि साठवायचा कसा?

पंचगंगा_प्रोन

रोजच्या सरावाला साधा ग्रेड, पण त्याच कंपनीचा, म्हणजे बॅरलमधला थर फारसा बदलत नाही. मॅचच्या आधीच्या आठवड्यात पूर्ण क वर या. साईटचे क्लिक क साठी वेगळे लिहून ठेवा, साध्या ग्रेडचा झीरो (गोळी मध्यावर लागेल ती साईटची जागा) थोडा वेगळा निघेलच.

साठवण परवान्याच्या अटींप्रमाणे, कुलपात, मुलांच्या हाताबाहेर. मूळ बॉक्समध्येच ठेवा, डब्यात ओतून नको, राऊंड एकमेकांवर आपटून बुलेटला खाचा पडतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली असते, बंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि एप्रिल-मेमध्ये बॉक्स उन्हात मॅटवर ठेवू नका, सावलीत ठेवा. ग्रीस पातळ झालं की सकाळी केलेली सगळी मेहनत दुपारी वेगळी वागते. रायफल तापलेली असताना राऊंड चेंबरमध्ये घालून झेंड्याची वाट बघत बसायचं नाही, हेही त्यातच आलं. वारा पडल्यावरच बोल्ट बंद करा.

रंकाळा_टॉवर

@शिरोली_लेथ, रिमवाली चाचणी मी पुढच्या रविवारी करतोय. निवडलेले चाळीस, न निवडलेले चाळीस, तुमच्या पद्धतीने. गेज घेऊन येतो, तुम्ही एक्स-वाय काढायला या.

शिरोली_लेथ

येतो. सातच्या आत या, वारा सुटायच्या आधी. गेजचा शून्य मी स्लिप गेजवर तपासून देईन, मगच मोजायला घेऊ.